पाथरीची भाजी आणि तीन दगड

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की भाजी विकत घ्यायची असते हे तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं. बांधावर जायचं, ओचा भरून आणायचं, निवडायचं आणि चुलीवर टाकायचं, एवढंच लोकांना माहीत.

त्या काळात एका राज्यात एक राजा होता. माणूस वाईट नव्हता. कुणाला विनाकारण छळायचा नाही, देवळात गेला तर रांग मोडायचा नाही. उलट रांगेचं त्याला वेडच होतं. पानातल्या वाट्या रांगेत हव्यात, तबेल्यातले घोडे रांगेत हवेत, बागेतली झाडं दोरी धरून लावलेली हवीत. आता हौसेला मोल नसतं, हे खरं. पण आपली हौस आपल्या घरात मावते, राजाची मावत नाही. ती राज्यभर पसरते आणि लोकांच्या दारात येऊन बसते.

एकदा शेजारचा राजा पाहुणा म्हणून आला. आषाढ सरत आला होता. दोघे घोड्यांवर बसून शिवार बघायला निघाले. बाजरी गुडघ्याला लागली होती आणि बांध नुसते हिरवेगार होते. पाथरी, घोळ, कुर्डू, केना, आघाडा, ज्याला जिथं जागा मिळाली तिथं तो उगवला होता. पाहुण्यानं बांधाकडे पाहिलं, मिशीत हसला आणि म्हणाला, "तुमच्याकडे पीक घेतात की गवत?"

राजाला ते फार लागलं. पाहुणा जेवूनखाऊन आपल्या राज्यात निघून गेला, पण ते वाक्य इथंच राहिलं. राजाला ते रात्रंदिवस ऐकू येऊ लागलं.

शेवटी गावोगाव दवंडी फिरली. "ऐका हो ऐका. जे पेरलं तेवढंच रानात राहील. न पेरता उगवलं ते सगळं तण. तण दिसेल तिथं उपटलं जाईल. आणि ज्या घरात तण शिजेल, त्या घराची चूल फोडली जाईल."

चूल फोडणं म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगायला हवं. तेव्हा चूल मातीची असायची. बाईनं स्वतः माती मळायची, त्यात भुसा कालवायचा, थापून थापून चूल घालायची, वाळवायची, सारवायची. नव्या घरात देव मागाहून यायचे, चूल आधी यायची. ज्या घराची चूल फुटली, ते घर गावानं घर म्हणून मोजायचं नाही. म्हणून दवंडी ऐकून बायका आधी आपापल्या चुलीकडे बघू लागल्या.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? रानभाजी नाही तर नाही, नुसती भाकरी खावी. तर मग श्रावण हा कसला महिना असतो ते जरा समजून घ्या. जुनं धान्य कणगीच्या तळाला गेलेलं असतं आणि नवं अजून शेतात हिरवं असतं. अशा वेळी भाकरी अर्धी होते आणि भाजी दुप्पट होते. गरिबाचा श्रावण बांधच काढून देतो. पण पोट भरलेल्या माणसाला हे सुचत नाही, आणि दवंडी देणारे सगळे पोटभर जेवलेले होते.

राजधानीच्या तटाला लागूनच एक गाव होतं. त्या गावात धुरपा नावाची बाई राहायची. नवरा नव्हता, स्वतःची जमीन नव्हती, लोकांच्या शेतात खुरपायला जायची. तिची एकुलती एक लेक येसू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिला मुलगी झाली होती. मूल गुटगुटीत होतं, रडायचंही खणखणीत, पण येसूला दूध पुरेसं येईना. पाथरी खाल्ली की बाळंतिणीला दूध येतं, असं त्या गावातल्या बायका मानायच्या, आणि धुरपाची स्वतःची आईही तिला तेच खाऊ घालून गेली होती. मग धुरपा रोज बांधावर जायची आणि पाथरी आणायची. मूळ कधी उपटायची नाही. नखानं पानं खुडायची आणि मूळ मातीत तसंच ठेवायची. पिवळी फुलं आलेली झाडं तर हातही न लावता सोडायची, म्हणजे त्यांची म्हातारी, कापसासारखं हलकं बी, वाऱ्यावर उडेल आणि पुढच्या साली पुन्हा उगवेल.

दवंडीनंतरही तिनं हेच केलं. आणि दार लावून केलं नाही, उघड केलं.

चुलीवर भाजी रटरटत होती तेव्हा हैबती दारात आला. हैबती राजाचा शिपाई, पण गावचाच पोरगा, धुरपाच्या डोळ्यांसमोर वाढलेला. त्याच्या हातात पहार होती.

"काकी, चुलीवर काय हाय?" त्यानं विचारलं.

"पाथरी. वास येतोय की तुला, इचारतोस कशाला?"

हैबतीनं मागं वळून पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. तो आवाज बारीक करून म्हणाला, "मेथी म्हण की गं. मेथी म्हणलीस तर म्या तसाच माघारी जातो."

"मेथी कशापायी म्हणू? पाथरी हाय तर पाथरीच म्हणंन. तिनं माझी लेक जगवली, आता लेकीची लेक जगवती. तिचं नाव चोरून घ्यायला ती काय लबाडीची हाय?"

"मग मला फोडावी लागंल."

"फोड. पण थांब, आधी भाजी उतरून घेते."

तिनं पातेलं उतरवलं, बाजूला झाकून ठेवलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. हैबतीनं चुलीवर पहार घातली. चूल जुनी होती, येसूच्या जन्माच्या आधीची. दोन घावांत तिचे तुकडे झाले. राख घरभर उडाली. धुरपाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते राखेचं नव्हतं, पण तिनं पदरानं पुसताना राखेचंच असल्यासारखं पुसलं. मग तिनं पातेल्यातली भाजी ताटात वाढली आणि बाळंतिणीपुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपा ओढ्यावर गेली. तिथून तीन दगड आणले. दारासमोर अंगणात ते मांडले, मध्ये काटक्या सारल्या आणि पाथरी चढवली.

हैबती पुन्हा आला. "काकी, हे काय?"

"चूल तू कालच फोडलीस. हे तीन दगड हायती. दगड फोडायचा हुकूम हाय का?"

हुकमात दगडांचं काही नव्हतं. हैबती वाड्यावर विचारायला गेला आणि नवा हुकूम घेऊन आला, की दगड लाथाडून द्यावेत. त्यानं दगड लाथाडले. एक कुंपणात गेला, एक उकिरड्यावर गेला, आणि एकानं त्याच्याच अंगठ्याचं नख काढलं. धुरपानं त्याच्या अंगठ्याला हळद लावून दिली आणि त्याच्यादेखत दगड गोळा करून आणले. या खेपेला तिनं ते अंगणात मांडले नाहीत. उचलले आणि थेट चावडीसमोर नेऊन मांडले.

"घरात लपून केलं असं कुणी म्हणाया नको," ती म्हणाली.

गावातल्या शहाण्यासुरत्या बाया तिला समजवायला आल्या. एक म्हणाली, "धुरपे, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये." दुसरी म्हणाली, "आम्ही काय खात न्हाई व्हय? दार लावतो, धूर दाबतो आन् खातो. तूबी तसंच कर."

"तुम्ही दार लावता म्हणून राजाला वाटतं, हुकूम चाललाय," धुरपा म्हणाली. "मला कशाची लाज न्हाई, मग दार कशाला लावू?"

बाया मान खाली घालून निघून गेल्या. त्यांना तिचं बोलणं पटलं होतं, पण पटणं वेगळं आणि चूल पणाला लावणं वेगळं.

असा श्रावण निघाला. शिपायांनी दगड लाथाडायचे, धुरपानं ते मांडायचे. तिकडे खुरपी घेतलेली माणसं सगळ्या शिवारातून तण काढत फिरत होती. काढलेलं तण टाकायचं कुठं, हा प्रश्न होता. शेतात टाकलं तर पुन्हा उगवेल. तेव्हा माणसांच्या डोक्यावर भारे देऊन ते राजवाड्याच्या तटाखाली नेऊन टाकलं जाऊ लागलं. तिथं ऊन कमी, ओल भरपूर. हे तण पुढं काय करणार आहे ते लक्षात ठेवा. कारभाऱ्याच्या ते लक्षात आलं नाही.

कारभाऱ्याच्या लक्षात दुसरंच आलं होतं, तेही श्रावण नुकताच लागला तेव्हा. तो राजाला म्हणाला, "महाराज, पोळा झाला की ऋषिपंचमी. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. आपसूक उगवलेलीच भाजी खातात. आईसाहेबांचंही व्रत आहे. आपण तर सगळं उपटतोय."

राजानं थोडा विचार केला आणि त्याचा चेहरा उजळला. "त्यात काय? पाथरी पेरा, घोळ पेरा, कुर्डू पेरा. रांगेत पेरा. पेरलं की ते तण राहत नाही, भाजी होते. माझा हुकूमही राहील आणि त्यांचं व्रतही होईल."

कारभारी उत्साही माणूस. व्रताचं काम म्हणजे पुण्याचं काम, त्यात कसूर नको, म्हणून त्यानं राजवाड्यातली सगळ्यात देखणी खिल्लार जोडी बाहेर काढली. शिंगांना रंग दिला, गळ्यात घुंगुरमाळा बांधल्या आणि मोठा मळा उभा-आडवा नांगरून घेतला. पाथरी रांगेत उगवली तेव्हा राजा स्वतः बघायला आला आणि बराच वेळ बघत राहिला.

पंचमीच्या सकाळी बायका आघाड्याच्या काड्यांनी दात घासून, नदीवर न्हाऊन परत येत होत्या. काड्या कुठून मिळवल्या ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तेवढ्यात घुंगरांचा आवाज आला. राजाची बैलगाडी गावात शिरली. गाडीत भाजीच्या जुड्या, सगळ्या एका मापाच्या. पुढे कारभारी चालत होता.

"या गं बायांनो," तो म्हणाला. "महाराजांनी तुमच्या व्रताची भाजी पाठवली आहे. पोटभर खा. चूल फुटायची भीती नाही."

बायकांचा जीव भांड्यात पडला. एकदोघी पुढे झाल्या, जुडीला हात घातला. धुरपाही पुढे आली. तिनं पाथरीचं पान उलटसुलट करून पाहिलं. पान मोठं होतं, लुसलुशीत होतं.

"कारभारी, मळा चांगला दिसतोय," ती म्हणाली. "नांगरला कुणी?"

"कुणी म्हणजे?" कारभाऱ्याची छाती फुगली. "राजवाड्यातल्या खिल्लार जोडीनं. उभा-आडवा."

"आन् इथवर आणली कुणी?"

"त्याच जोडीनं," असं तो म्हणाला आणि वाक्य संपता संपता त्याचा आवाज बसला. जोडीतला एक बैल नेमका तेव्हाच मान हलवून घुंगरं वाजवू लागला.

आधी कुणी हसलं नाही. मग मागून एका म्हातारीला हसू आवरेना. मग सगळ्याच हसल्या. कडेवरची पोरंही हसली, त्यांना काही कळलं नव्हतं तरी. ज्या दिवशी बैलाच्या घामाचं खायचं नाही, त्या दिवसासाठी राजानं बैलाला दुप्पट घाम गाळायला लावला होता. ज्या बायका श्रावणभर राजाला भ्यायल्या होत्या, त्या राजाला हसल्या. हसून झाल्यावर त्यांना आधीसारखं भिता येईना.

हात घातलेल्या जुड्या गाडीत परत गेल्या.

"धुरपे, मग आता खायचं काय?" त्या म्हातारीनं विचारलं. ती हैबतीची आई होती.

"चला दाखवते," धुरपा म्हणाली. "येताना तीन तीन दगड घ्या."

ती सगळ्यांना घेऊन राजवाड्याच्या तटाखाली गेली. तिथं सगळ्या शिवाराचं उपटलेलं तण येऊन पडलं होतं, आणि मेलं नव्हतं. घोळ कुठंही टाकली तरी मूळ धरते, तिनं धरलं होतं. केन्यानं पेरापेराला मुळं फोडली होती. पाथरीच्या म्हाताऱ्या उडून तटाच्या दगडादगडात शिरल्या होत्या आणि तिथून डोकी बाहेर काढून बघत होत्या. राजानं शिवारभर पसरलेली भाजी गोळा करून स्वतःच्या दारात आणून ठेवली होती. कुणी नांगरली नव्हती, कुणी पेरली नव्हती.

बायकांनी ओचे भरले. तिथंच दगड मांडले, तिथंच जाळ केले. तटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चुलीच चुली झाल्या आणि धूर सरळ राजवाड्याच्या खिडक्यांत गेला.

राजा घोड्यावर बसून तटाखाली आला. मागे शिपाई, त्यांच्या हातात पहारी. राजाचा चेहरा लाल झाला होता.

"लाथाडा हे दगड," तो म्हणाला.

शिपाई पुढे झाले आणि थांबले. हैबतीच्या समोर जी चूल होती तिच्यामागे त्याची आई बसली होती. तिनं फुंकणी खाली ठेवली, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "लाथाड. ल्हानपणी लई लाथा मारल्यास, अजून एक मार." हैबतीनं पहार जमिनीवर ठेवून दिली.

धुरपा उठून राजासमोर उभी राहिली. "महाराज, आज लाथाडाल, उद्या म्या मांडीन. तुमच्याकडं शिपाई किती बी असतील, पर ओढ्यात दगड जास्त हायती."

राजा काही बोलणार, एवढ्यात गर्दीत वाट झाली. राजाची आई पायी चालत आली होती. बैलगाडी नको म्हणून पायी. ती धुरपाच्या चुलीजवळ गेली आणि जमिनीवर बसली.

"आईसाहेब," राजा म्हणाला, "राजवाड्यात भाजी आहे."

"त्या भाजीत बैलाचा घाम आहे," आई म्हणाली. "बाई, मला वाढ. सकाळपासून उपाशी आहे."

कुणालाही वाटेल की धुरपा आता लगबगीनं पान मांडेल. तिनं पळी हातात धरली आणि तशीच थांबली. "आईसाहेब, वाढते. पर हुकूम ठाऊक हाय ना? ज्याच्या घरचं माणूस तण खाईल, त्याची चूल फुटंल. माझी फुटलीया. माझ्या लेकीच्या लेकीच्या बारशाला घरात चूल नव्हती."

"हुकमात शिजवणाऱ्याचं आहे, खाणाऱ्याचं नाही," कारभारी घाईनं म्हणाला.

राजाची आई उठली. तिनं धुरपाच्या ओच्यातली मूठभर पाथरी घेतली, आपल्या पदरात बांधली आणि कारभाऱ्याला म्हणाली, "मग मी घरी जाऊन शिजवते." आणि खरंच गेली. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातल्या लांबलचक चुलीवर तिनं स्वतःच्या हातानं पाथरी शिजवली आणि तिथंच बसून जेवली.

आता सगळं गाव राजाकडे बघत होतं. हुकूम मागं घ्यावा तर शब्द जातो, न घ्यावा तर चूल जाते. राजा हट्टी होता, पण लबाड नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. त्यानं खाली पडलेली हैबतीची पहार उचलली, मुदपाकखान्यात गेला आणि स्वतःच्या घरची चूल स्वतः फोडली. राख उडाली. त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि चूल फुटली की कसं वाटतं ते त्याला त्या दिवशी कळलं.

नवी चूल घालायला घेतली, पण भाद्रपदातली हवा ओली, माती वाळेना. घातलेली चूल सारखी तडकायची. राजानं काही दिवस दूध-केळ्यांवर काढले. आचारी भीत भीत म्हणाला, "महाराज, तीन दगड मांडू का?" राजाला जे शिपायांकडून लाथाडून घेतलं होतं, तेच आपल्या घरात मांडायची लाज वाटली. भूक मात्र लाजत नव्हती. एका सकाळी तो एकटाच पायी धुरपाच्या दारात गेला.

"बाई, जेवायला घालशील?"

धुरपा पाथरी निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं. "घालीन. दगड घेऊन या."

राजा ओढ्यावर गेला आणि दगड घेऊन आला. मांडायला गेला तर एक डगडगत होता. "त्याच्याखाली खापरी सारा," धुरपा म्हणाली. राजानं खापरी सारली. भाजी शिजली. पण पळी पातेल्यातच राहिली.

"आधी बोला, बांधाला हात लावणार न्हाई."

"नाही लावणार."

"तसं नगं. लावा, पर खुडायला लावा. उपटायला लावू नका."

"उपटायला लावणार नाही," राजा म्हणाला.

मग तिनं वाढलं. राजानं पहिला घास घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "कडू आहे."

"कडूच असती. गोड कोण म्हणलं?"

राजानं सगळं पान चाटूनपुसून संपवलं. उठताना म्हणाला, "उद्या माणसं पाठवतो. तुला नवी चूल घालून देतील."

"नगं," धुरपा म्हणाली. "फोडायला शिपाई लागतो. घालायला न्हाई लागत."

दुसऱ्या दिवशी दवंडी फिरली आणि हुकूम मागं घेतला गेला. त्याच संध्याकाळी हैबतीनं चिकणमातीची पाटी आणून गुपचूप धुरपाच्या दारात ठेवली. ती पाटी तिनं परत पाठवली नाही. तिनं आपल्या हातानं चूल घातली, अश्विनातल्या उन्हात वाळवली, सारवली, आणि पहिल्यांदा तिच्यावर पाथरीच चढवली, दार सताड उघडं ठेवून. येसू शेजारी बसून लेकीला पाजत होती. अंगणातले तीन दगड मात्र धुरपानं फेकले नाहीत. ते तिनं दारामागं रचून ठेवले, पुन्हा कुठल्या राजाला हौस आली तर हाताशी असावेत म्हणून.

तात्पर्य: जो हुकूम आपल्या घरच्या चुलीला सोसत नाही, तो दुसऱ्याच्या चुलीवर चालवू नये.